सशाची उलटी उडी

माय,

तुला वाचता येत नव्हतं, म्हणून तू असेपर्यंत हे लिहिलं नाही. धुळ्याहून मी पाठवलेली पत्रं नाना ओसरीवर बसून मोठ्यानं वाचायचे, शेजारचे दोघेचौघे उगीच कामाचं निमित्त करून तिथं रेंगाळायचे, आणि तू आत भाकरी थापता थापता "अजून काय लिहेल हाये व?" म्हणून विचारायचीस. असल्या पत्रात माणूस पाऊसपाण्याचं लिहितं, पोरांच्या खोकल्याचं लिहितं, आणि बाकीचं पोटात ठेवतं. आता तुला जाऊन तीस वर्षं होत आली. नाना तुझ्या मागोमाग गेले. आणि मागच्या महिन्यात आपल्या सावद्याच्या घरातच भाऊ गेला, तुझा लहाना. तिरडीला नेहमीच्या मापाचे बांबू आणले होते, ते दोन्हीकडून वीतवीतभर उरले. कुणीतरी हळहळून म्हणालं, "जल्मभर असाच राह्यला बिचारा, लहानसा." सगळ्यांनी माना हलवल्या. मी मात्र दचकले, आणि घरी परत आल्यावर चार दिवस मला कशात लक्ष लागेना, तेव्हा ठरवलं की आता एकदाचं लिहून काढावं.

तो ससा तुला आठवतो का? आठवतच असेल. मामानं भुसावळहून आणला होता. मामा रेल्वेत होता, आणि तिथला कुणी साहेब विलायतेला परत चालला म्हणून बंगल्यातलं सामान नोकरमाणसांत वाटलं गेलं. कुणाला खुर्ची मिळाली, कुणाला काचेचे पेले मिळाले, आणि आमच्या मामाच्या नशिबी ससा आला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा, आणि असा गंभीर की जणू साहेबच स्वतः टोपलीत बसून आलाय. तू त्याला वरून खाली पाहिलंस आणि म्हणालीस, "खायाचा नही, दूध देत नही, राखन करत नही. मंग आनला कसाले?" मामा म्हणाला की साहेबाची पोर त्याला काठ्यांवरून उड्या मारायला लावायची. तू म्हणालीस, "आपल्याकडं पोरंच पुरे उड्या मारतात." पण संध्याकाळी कापूस वेचायची जुनी टोपली तूच काढून दिलीस, आणि तळाशी गवतही तूच घातलंस. तुझं हे असंच असायचं, तोंड वेगळं बोलायचं आणि हात वेगळं करायचे. मला त्या वयात तुझं तोंडच तेवढं ऐकू यायचं.

मी दहा वर्षांची असेन, भाऊ पाच वर्षांचा. मामानं सांगितलेलं माझ्या डोक्यात बसलं होतं. विलायती पोरीनं जमवलं तर मला का नाही जमणार? आपल्या परसात मागच्या मातीच्या भिंतीला लागून पऱ्हाट्यांचे भारे रचलेले असायचे, चुलीसाठी. भिंत आणि भारे यांच्यामध्ये दोन हातांची बोळ उरायची, आणि तीच माझी शाळा झाली. सशाला डावीउजवीकडे पळायला वाट नसायची. बोळीच्या एका टोकाला न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळी होती, दुसऱ्या टोकाला त्याची टोपली. केळीपाशी त्याला सोडायचं आणि टोपलीपाशी हरभऱ्याचा पाला घेऊन आपण बसायचं. पहिले आठ दिवस मी तुराटी नुसती जमिनीवर आडवी ठेवली, त्याला तिच्यावरून चालत येऊ दिलं. मग दोन आडव्या विटांवर, मग उभ्या विटांवर. घाई केली की तो मागचा पाय जमिनीवर धपकन आपटायचा आणि दोन दोन दिवस टोपलीतून बाहेर पडायचा नाही. घाबरलेलं जनावर काही शिकत नाही, हे मला त्यानंच शिकवलं. पुढं धुळ्याला मी पोरींना लिहायला शिकवायला लागले तेव्हा मास्तरीणबाई फार शांत आहेत असं लोक म्हणायचे. त्यांना काय ठाऊक, मी कुणाच्या हाताखाली शिकले होते.

महिन्याभरात तो गुडघ्याएवढ्या तुराटीवरून कापूस उडावा तसा उडायला लागला. पण एक गोष्ट मला पहिल्या दिवसापासून खटकली होती. बोळीच्या मध्यावर, तुराटी यायच्या बरीच आधी, तो एके ठिकाणी थांबायचा, कान मागं घ्यायचा आणि उडी मारायचा. तिथं काही नव्हतं. ना काठी, ना वीट, ना मुंग्यांची रांग. उडीही अशी, की खालचं काहीतरी आपल्या पायांना लागू नये म्हणून पाय पोटाशी घेऊन मारलेली. भाऊ खो खो हसायचा. "अक्का, त्याले तठी काय दिसतं?" मी तिथली माती हातानं चाचपून पाहिली. परातीएवढी जागा थोडी खोलगट होती, बस्स. पावसाचं पाणी मुरून खचली असेल असं मला वाटलं. भर दुपारी, घरातली माणसं शेतात किंवा आडवी झालेली असताना, ऊन भिंतीवरून खाली उतरलेलं असताना, तो पांढरा जीव तिथं येऊन थांबायचा तेव्हा मला त्याच्याकडे सरळ बघवत नसे. मी पाल्याकडे बघायची आणि उडी झाल्याचा आवाज येईपर्यंत मान वर करायची नाही.

मग ती अक्षय्यतृतीया, आपली आखाजी आली, आणि आखाजीनंतर आठवड्यानं तो दिवस. आखाजीला आपल्या घरात पोरांची उंची मोजायची रीत होती. स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करायचं आणि तू अंगठा गेरूत बुडवून डोक्याच्या पातळीला ठसा उमटवायचीस. माझे ठसे डावीकडे, भावाचे उजवीकडे. त्या वर्षीचे ठसे अजून ताजे होते. त्या दुपारी भावाला लहर आली, तुराटी काढून तो स्वतःच तिच्या जागी बोळीत आडवा झाला आणि म्हणाला, "आता माह्यावरून मार." मी केळीच्या टोकाकडून ससा सोडला. त्यानं आधी ती आपली रिकामी उडी मारली, मग भावावरून उडी मारली, आणि टोपलीत जाऊन बसला. आम्ही दोघं टाळ्या पिटत होतो आणि तू परसदारी उभी होतीस.

तुझा चेहरा मला आत्ता दिसतोय. तू ओरडली नाहीस, हेच भयंकर होतं. "वलांडलं त्याले?" तू विचारलंस. आडव्या पोराला कुणी ओलांडलं की पोर खुंटतं, हे मला का माहीत नव्हतं! आम्ही पोरं दहा वेळा एकमेकांना ओलांडायचो आणि दहा वेळा कुणीतरी मोठं माणूस खेकसायचं, की लगेच उलट ओलांडून मोकळं व्हायचो. पण सशाचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. "त्याच्या हातून उलटं वलांडव," तू म्हणालीस. "ज्यानं वलांडलं त्यानंच परत जावं लागतं. आत्ताच्या आत्ता. नही त खुंटीन पोरगं." तुझी आमटी चुलीवर उतू जात होती, तू आत गेलीस. आणि मी सशाला टोपलीतून काढून उलट तोंड करून ठेवलं.

माय, तो एकाच बाजूनं उडायला शिकला होता. केळीकडून टोपलीकडे. मीच त्याला तसं शिकवलं होतं. उलट दिशेला तो गेलाच नाही. मी ढकललं, पाला दाखवला, हात जोडले. तो भावाच्या अंगाला नाक लावून वळला आणि परत टोपलीत. तू आतून हाक मारलीस, "केलं का व?" मी म्हणाले, "केलं." तू म्हणालीस, "खरं?" मी म्हणाले, "तुही आन." तुझी शपथ घेतली मी, खोटी. तेव्हा वाटलं होतं की उद्या करवून घेऊ, म्हणजे शपथ खरी होईल.

उद्याचा परवा झाला. मी टोपली केळीच्या टोकाला नेऊन ठेवली, तर तो चार दिवस जेवलाच नाही. मग परत तुराटी जमिनीवर, परत आडव्या विटा, परत उभ्या. पावसाळा संपेपर्यंत तो उलट दिशेनं तुराटीवरून उडायला लागला, पण तुराटीच्या जागी भाऊ निजला की अंगावरच्या सदऱ्याचा वास घ्यायचा, पाय आपटायचा आणि अंग चोरून भाऱ्यांच्या फटीतून निघून जायचा. भाऊ गरीब गाईसारखा पडून राहायचा. "अक्का, झालं का?" म्हणायचा. मी त्याला रोज दुपारी परसात न्यायची, कधी बोरं द्यायची, कधी शेंगदाणे, त्याचे केस विंचरायची, गोष्टी सांगायची, कारण तो कंटाळून उठून गेला असता तर माझं सगळंच संपलं असतं. आणि सगळ्यात वाईट हे, की त्या खोलगट जागेवरून मात्र ससा उलट दिशेनंही उडी मारायला लागला. जी उलटी उडी मी भावासाठी मागत होते, ती तो रोज तिथं, रिकाम्या जागेला देऊन टाकायचा.

पुढच्या आखाजीला तू भावाला चौकटीशी उभं केलंस, अंगठा लावलास, आणि अंगठा बरोबर मागच्या वर्षीच्या ठशावर बसला. तू दोनदा पाहिलंस. त्याच्या टाचा खाली दाबल्यास, मान सरळ केलीस, परत पाहिलंस. नाना म्हणाले, "अगं, काही पोरं उशिरा वाढतात." तू माझ्याकडे वळलीस. "उलटं वलांडलं व्हतं ना?" मी म्हणाले, "हो." दुसऱ्यांदा. त्यानंतर भावाला दुधात खारका सुरू झाल्या, यावलच्या कुणा वैद्याचं चाटण आलं, गळ्यात ताईत आला. तो मिटक्या मारत सगळं खायचा.

त्याच दिवशी मी चौकटीखाली केरसुणी उचलायला वाकले आणि मला ते दिसले. चौकटीच्या आतल्या बाजूला, जिथं मुसळ टेकवलेलं असायचं त्याच्या मागं, गेरूचे चार ठसे. माझे नव्हेत, भावाचे नव्हेत. पहिला जमिनीपासून जेमतेम हातभर, मग एकावर एक चढत गेलेले. सगळ्यात वरचा ओला होता. मी बोट लावलं तर बोटाला गेरू लागला. घरात आम्ही दोनच पोरं.  भावाला विचारलं, "तू लावले का?" तो म्हणाला, "मले मोजता येतं का?" मी कुणालाच काही बोलले नाही. बोलले असते तर खोटी शपथही सांगावी लागली असती. पण मी सगळं जुळवून टाकलं होतं. परसात कुणीतरी होतं, ससा त्याला ओलांडत होता आणि उलट ओलांडून मोकळं करत होता, आणि भावाची वाढ तिकडे जात होती. ते कोण, हे मला ठाऊक नव्हतं. ते वाढत होतं एवढं ठाऊक होतं.

दुसऱ्या आखाजीला भाऊ परत तिथंच. आणि मुसळामागं पाचवा ठसा. मी मनातल्या मनात वीत लावून पाहिली, भावाच्या ठशापासून तो सहा-सात बोटं खाली राहिला होता. म्हणजे अजून एका आखाजीला तो भावाच्या बरोबरीला येणार. बरोबरीला आल्यावर काय होणार याचा विचार करताना मला हगवण लागायची, आणि तू मला सुंठ द्यायचीस. त्या वर्षात मी सशाचा पिच्छा पुरवला. त्याच वर्षी माझं धुळ्याला जमत होतं, बघायला मंडळी येऊन गेली होती, आणि लोकांना वाटायचं पोरगी लग्नाच्या काळजीनं वाळलीय. मला काळजी ही होती की मी सासरी गेले तर भावाला कोण सोडवणार.

तिसऱ्या आखाजीची दुपार. सगळ्या पोरी, माहेरपणाला आलेल्या लेकी गल्लीच्या टोकाला निंबाच्या झोक्यांवर होत्या, त्यांची गाणी भिंतीपलीकडून येत होती. तू स्वयंपाकघरात पितरांची घागर भरत होतीस. मी दारातून पाहिलं, मोठ्या घागरीशेजारी तू एक लहानसं मडकंही भरलंस, त्यावर इवलीशी सांजोरी ठेवलीस. दरवर्षी ठेवायचीस बहुतेक, मी कधी पाहिलं नव्हतं. उंची मोजायची अजून बाकी होती. मला वाटलं, हीच शेवटची घडी. मी भावाला बोळीत निजवलं आणि सशाला त्याच्यापुढे धरलं. तो पाय आपटायला लागला. मी त्याला ढकललं. तो वळला. मग मी जे तीन वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं, त्याचे कान धरून त्याला उचललं आणि भावाच्या अंगावरून पलीकडे फेकायला हात मागं नेला.

सशाला आवाज नसतो असंच आपण समजतो ना? तो ओरडला. तान्हं मूल ओरडतं तसा, लांबलचक, अगदी तसाच. माझ्या हातून तो सुटला. आणि तू आतून धावत आलीस. माझ्याकडे नाही आलीस, आडव्या पडलेल्या भावाकडे नाही आलीस. तू सरळ बोळीत शिरलीस, त्या खोलगट जागेवर गुडघे टेकलेस आणि दोन्ही हात मातीवर ठेवलेस. "काय झालं व, काय झालं माह्या बाईले," असं तू मातीला विचारत होतीस.

मग तुझ्या ध्यानात आलं की आम्ही बघतोय. तू तिथंच बसलीस, पदर तोंडावर घेतलास. पदराआडूनच म्हणालीस, "तठी तुह्या पाठची बहीन हाये. भावाच्या पाठची. मानमोडीच्या साथीत झाली, बारा दिसाची व्हती. तुले तवा भुसावळले मामाकडं धाडेल व्हतं. घरोघर मानसं पडेल, खांद्याले मानूस भेटे ना. तुह्या नानानं अठीच निजोली." आणि ठसे? ते तू लावायचीस. आखाजीला मेलेले पाणी प्यायला घरी येतात, तर तीही येत असेल, आणि आली तर वर्षभरात वाढूनच येत असेल, असं तुझं म्हणणं. कमरेच्या, छातीच्या अंदाजानं तू अंगठा लावायचीस, आम्ही झोक्यावर गेलो की. एवढंच होतं. इतकं साधं होतं ते. आणि मी तीन वर्षं भीतीनं अर्धी झाले होते.

तेव्हा मी तुला सगळं सांगितलं. खोटी शपथ, एका बाजूची उडी, उलट्या उडीची शिकवणी, सगळं. मला वाटलं तू मला फोडून काढशील. तू ऐकत राहिलीस, मग भावाकडे पाहिलंस, तो अजून आज्ञाधारकपणे आडवाच होता. तुझ्या चेहऱ्यावर जे आलं ते मारण्यापेक्षा वाईट होतं. तू म्हणालीस, "तुही चूक नही व. म्या मेलेलीले वाढोलं. जित्याच्या वाटचं तिले देलं." मी म्हणाले, "माय, असं नाही." पण मीच तर तीन वर्षं तसं मानत होते, माझ्या नाहीमध्ये काय जोर असणार? तू आत गेलीस, शेणाचं पोतेरं घेतलंस आणि मुसळामागचे पाचही ठसे पुसून काढलेस, खालून वरपर्यंत, सावकाश. प्रत्येक ठशापाशी हात थांबत होता. मग ते लहान मडकं उचलून केळीच्या बुडाशी रिकामं केलंस. त्यानंतर ते तू कधी भरलं नाहीस. तिचं नाव आपल्या घरात परत निघालं नाही. तसं तिला नाव तरी कुठं ठेवलं होतं?

त्या दिवशी भावाला मोजलं नाही. पुढच्या आखाजीला मी धुळ्याहून माहेरपणाला आले होते, तेव्हा मोजलं, तर जुन्या ठशापासून सहा बोटं वर. तू चौकटीला डोकं टेकवून रडलीस आणि गल्लीभर गूळ वाटलास. ससा तेव्हा जिवंत होता. त्या तिसऱ्या आखाजीनंतर तो बोळीत कुठेच उडी मारेनासा झाला होता. भाऊ म्हणाला, "अक्का, तो आता तठून चालत जातो." मी परसात जाऊन पाहिलं. खरंच, त्या खोलगट जागेवरून तो निवांत चालत गेला, मध्येच थांबून एक काडी कुरतडली, आणि पुढं गेला. मी लगेच घरात आले. त्या पावसाळ्यात तो मेला, असं नानांनी कळवलं.

आता जे सांगायचं ते. भावाच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, त्याच्या बुटकेपणावरून मेव्हण्या त्याला चिडवत होत्या, नवरीच्या गळ्यात माळ घालायला पाट लागेल म्हणून. त्या गेल्यावर तो मला म्हणाला, "अक्का, तुले एक गंमत सांगू का? त्या दुसऱ्या आखाजीले मी गुडघे वाकोले व्हते." मला कळेना. तो हसत होता. नानांच्या जुन्या कापडाचा सदरा पायापर्यंत यायचा, आत गुडघे वाकवून उभं राहिलं की कुणाला दिसत नसे. वर्षभर तो तुझ्यासमोर तसाच वाकून चालायचा. "कसाले?" मी विचारलं. "तू रोज परसात नेत व्हती, बोरं देत व्हती, डोक्स विंचरत व्हती. वाढलो असतो त तू सोडून दिलं असतं ना." सहा-सात वर्षांच्या पोराचा हिशेब. मलाही हसू फुटलं.  तू पलीकडच्या खोलीत हळद कालवत होतीस, तुझ्या बांगड्या वाजत होत्या. एका वाकलेल्या गुडघ्यापायी तू तुझी लेक पुसून टाकली होतीस.

मी उठले, तुला सांगायला म्हणून. दारापर्यंत गेले आणि मला आठवलं म्हणून मागं वळून विचारलं, "अन् पहिल्या आखाजीले? तवाबी वाकला व्हता?" भाऊ हळद लागलेल्या तोंडानं माझ्याकडे बघत राहिला. त्याचं हसू गेलं. "नही व," तो म्हणाला. "पह्यल्या आखाजीले कसाले वाकीन? तवा मले काय ठाऊक. पह्यल्या आखाजीले मी सरयच उभा व्हतो."

मी तुझ्यापर्यंत गेले नाही. काय सांगणार होते? तुझी काही चूक नव्हती, हे? की थोडी होती, हे? तू त्यानंतर सात वर्षं होतीस. मी दर आखाजीला यायची, आणि दर आखाजीला तू सुनेला, नातींना तीच गोष्ट सांगायचीस, की मेलेल्याचा लोभ धरू नये, एकीले पुसलं म्हून एक वाढला. सांगताना तुझा अंगठा बोटांवर फिरत असायचा. शेवटच्या दुखण्यात मी पंधरा दिवस तुझ्यापाशी होते. एका दुपारी तू डोळे मिटून विचारलंस, "आता ती केव्हढी असती व? तुह्या खांद्याले लागली असती का?" मला सांगता आलं असतं. सरळ सांगता आलं असतं की माय, हात लावून बघ, लाव अंगठा, त्या पोरानं गुडघे वाकवले होते. निम्मं तरी खरं होतं ते. मी म्हणाले, "झोप आता, बोलू नको."  नंतर परत विचारलं नाहीस.

मग मी धुळ्याला परतले आणि आठच दिवसांत कोपरा फाडलेलं, तू गेल्याचं कार्ड आलं. हे पत्र मी कुठं टाकणार, माय? पेटीत लुगड्यांच्या खाली ठेवीन, आणि मी गेल्यावर सुना ते न वाचताच बंबात घालतील. त्यामुळे एवढंही लिहूनच टाकते. कार्ड वाचून मी रडले, फार रडले, सासूबाईंनी मला धरून बसवलं होतं. पण ते मागाहून. फाटका कोपरा दिसला तेव्हा सगळ्यांच्या आधी माझ्या मनात आलं ते हे, की बरं झालं, आता सांगावं लागणार नाही.